चिलिकेत पाहिलेला बिनचोचीचा डॉल्फिन कोणता, आणि तो आपल्या गोदावरीत का नाही?

गोदाकाठची शिक्षिका

नमस्कार. मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतील मंडळींबरोबर जगन्नाथपुरीची यात्रा झाली आणि परतीच्या आदल्या दिवशी आम्ही चिलिका सरोवरावर सातपडा येथे नावेतून डॉल्फिन पाहायला गेलो. डॉल्फिन म्हटले की लांब चोच आणि पाण्याबाहेर घेतलेली उंच उडी एवढेच माझ्या डोळ्यांसमोर होते. प्रत्यक्षात दिसले ते पालथ्या घातलेल्या कळशीसारखे एक राखाडी, गुळगुळीत डोके. चोच अजिबात नव्हती. त्या प्राण्याने उडी मारली नाही; फुस्स असा श्वास सोडला, पाठ हळूच वळवली, पाठीवरचा एक लहानसा बोथट पर क्षणभर दिसला आणि पाणी पुन्हा सपाट झाले. असे तीन-चार वेळा झाले.

शाळेत आल्यावर मी हे सातवीच्या वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलाने विचारले, "बाई, गंगेत असतो तो हाच का? मग आपल्या गंगेत का नाही?" नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करते, की आम्ही गोदावरीला रोजच्या बोलण्यात गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येते' याचा अर्थ गोदाघाटावर जाऊन येते. मुलाच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तरसुद्धा मला खात्रीने देता आले नाही, म्हणून येथे विचारत आहे. हा प्राणी नदीतला की समुद्रातला? गंगेतल्या डॉल्फिनशी त्याचे नाते काय? तो गोदावरीत येऊ शकला असता का? आणि त्याचे जतन करायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? पाठ्यपुस्तकात 'प्रदूषण व शिकार यांमुळे संकटात' एवढे एकच वाक्य असते आणि ते प्रत्येक प्राण्याला सारखेच लावलेले असते, त्यामुळे माझे त्यावर समाधान होत नाही.

---

जुना प्राणिशास्त्रवाला

बाई, नमस्कार. आपण पाहिला तो गंगेतला डॉल्फिन नव्हे, तो इरावदी डॉल्फिन. वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्र मागण्याची गरज नाही. नावेतून सहसा लक्षात न येणारे आणखी एक लक्षण सांगतो, ते म्हणजे त्याची मान. समुद्रातल्या बहुतेक डॉल्फिनांच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून गेलेले असतात, त्यामुळे डोके वळवायचे तर सगळे अंगच वळवावे लागते. इरावदीच्या मानेचे फक्त पहिले दोन मणके जुळलेले असतात, म्हणून तो डोके बाजूला वळवू शकतो, आणि जवळून पाहिल्यास डोक्यामागे मानेची पुसट घडीही दिसते. पूर्ण वाढलेले जनावर २ ते २.७५ मीटर लांब असते. त्याच्या आहारात मासे, कोळंबी, माकूळ असे बरेच काही येते. मासे एकत्र हाकताना तो तोंडातून पाण्याची पिचकारी मारतो, हे अनेक ठिकाणी पाहिले गेले आहे.

इरावदी हे नाव ब्रह्मदेशातल्या नदीचे असले तरी शास्त्राला या प्राण्याची पहिली ओळख आपल्याच किनाऱ्यावर झाली. १८५२ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात मिळालेल्या नमुन्यावरून रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ब्रह्मदेशातील नदीत राहणारे डॉल्फिन जॉन अँडरसन यांनी पुढे वेगळी जात म्हणून मांडले होते, पण समुद्रातले आणि नदीतले हे दोन्ही एकाच जातीचे आहेत असे नंतर ठरले. उलट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे त्यांचे भाऊबंद २००५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून वेगळे काढण्यात आले.

आता नदीतला की समुद्रातला, हा प्रश्न. 'नदीचा डॉल्फिन' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या प्राण्यांसाठी वापरतो आणि गोंधळ तेथेच सुरू होतो. गंगेतला डॉल्फिन, ज्याला उत्तरेत सूंस म्हणतात, तो फार जुन्या आणि वेगळ्या कुलातला आहे. त्याची चोच लांब व निमुळती असते, डोळ्यात भिंगच नसल्यामुळे त्याला उजेड-अंधार यापलीकडे फारसे दिसत नाही, आणि गढूळ पाण्यात तो एका कुशीवर पोहत, आवाजाच्या प्रतिध्वनीवर मार्ग काढत असतो. त्याचे सारे आयुष्य नदीतच जाते. इरावदी डॉल्फिन मात्र समुद्री डॉल्फिनांच्याच कुलातला आहे. त्याचे मूळ घर किनाऱ्यालगतचे उथळ, गढूळ, नद्यांच्या मुखाजवळचे मचूळ पाणी होय, आणि तेथून काही मोजक्या नद्यांमध्ये तो इतका आत गेला की त्याच्या पिढ्या आता गोड्या पाण्यातच जन्मतात व मरतात. ब्रह्मदेशात इरावदी, कंबोडियात मेकाँग आणि बोर्निओ बेटावर महाकाम, या तीन नद्यांत त्याची अशी वस्ती आहे. ब्रह्मदेशात तर तो समुद्रापासून हजाराहून अधिक किलोमीटर आत, भामोच्या परिसरापर्यंत आढळत आला आहे. तीन सरोवरवजा किंवा आखातवजा जागाही आहेत: आपली चिलिका, थायलंडमधील सोंखला सरोवर आणि फिलिपीन्समधील मालम्पाया आखात. उरलेले बरेचसे डॉल्फिन बांगलादेश व सुंदरबनच्या किनारी पाण्यात आहेत, आणि तेथील संख्या हजारांत आहे.

म्हणून वर्गात सांगताना असे सांगावे, की सूंस हा नदीचा मूळ रहिवासी आहे, आणि इरावदी हा समुद्राच्या उंबरठ्यावर राहणारा असून त्याची काही मंडळी नदीत येऊन कायमची स्थायिक झाली आहेत.

सूंस आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखीचा आहे, हेही मुलांना सांगावे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना मारू नये अशी यादी आहे, तिच्यात 'गंगापुपुटक' असा एक शब्द येतो आणि तो बहुधा याच प्राण्यासाठी असावा असे अभ्यासक मानतात. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान मिळाला. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत २८ नद्यांमधून मिळून ६,३२७ नदी-डॉल्फिनांचा अंदाज आला, आणि त्यातले तीन पंजाबातील बियास नदीतले सिंधू-डॉल्फिन होते. तीन हजार नव्हे, तीन.

गोदावरीचे उत्तर थोडक्यात देतो. सूंस हिमालयातून येणाऱ्या गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्यांच्या खोऱ्यातला प्राणी आहे. द्वीपकल्पातल्या नद्या त्याच्या वाटेवर कधी नव्हत्याच. इरावदी आपल्या पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यामुळे गोदावरीचे मुख त्याला तत्त्वतः परके नाही; ज्या विशाखापट्टणमहून त्याचा पहिला नमुना मिळाला, ते गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील काकीनाड्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. पण मुख वेगळे आणि नाशिक वेगळे. आपली नदी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिकमध्ये ती समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असते आणि पाऊस संपला की तिचे पात्र दगडादगडांतून वाहणारी धार होते. डॉल्फिनला बारमाही खोल डोह आणि त्या डोहांना जोडणारे पाणी लागते. धरणांच्या आधीही नाशिकच्या सोमेश्वराजवळ उन्हाळ्यात असे पाणी नव्हते, आणि आता तर मुखाजवळच दवळेश्वरमचा बंधारा आडवा आहे.

जतनाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. येथे किनाऱ्यावरचे कोणी असेल तर त्यांनी आधी लिहावे.

---

देवबागकर, मुक्काम अंबड

सर, किनाऱ्यावरचा मी आहे. मूळ गाव देवबाग, तालुका मालवण. नोकरीमुळे वीस वर्षे अंबडला राहतो, पण भाऊ अजून मासेमारी करतो आणि गणपतीला गावी गेलो की मीही होडीवर असतो.

ताई, आमच्याकडे जो दिसतो तो तुम्ही पाहिलेला नव्हे. आमच्याकडे त्याला गादा म्हणतात, पुस्तकात तो कुबडवाला डॉल्फिन. त्याला चोच असते आणि पाठीवरच्या पराखाली एक उंचवटा असतो. तो खोल समुद्रात फारसा जात नाही. किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी, भरतीबरोबर आत येतो आणि ओहोटीबरोबर बाहेर जातो. मुंबईतही मलबार हिल, वरळीच्या बाजूला तो दिसतो. म्हणजे आमचा गादा आणि तुमचा चिलिकेतला, दोघांची जात वेगळी असली तरी राहणी सारखीच आहे: जेथे माणसाची होडी असते, जेथे माणसाचे जाळे असते, तेथेच यांचे जेवण असते. त्यांचे सगळे दुखणे यातूनच येते.

शिकार म्हणाल तर आमच्या भागात गाद्याला कोणी मुद्दाम मारत नाही. मरतो तो जाळ्यात. गिलनेट म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे सोडलेले जाळे. मासा त्यात डोके घालतो आणि मागे येताना त्याचे कल्ले अडकतात. पूर्वी ही जाळी सुताची असत, जाड असत, पाण्यात जाणवत. आता तंगुसाची आहेत. तंगूस बारीक, पारदर्शक आणि चिवट असतो, तो कुजत नाही, आणि त्यात जनावराचा पर किंवा शेपूट एकदा गुंतले की ते जेवढे उसळते तेवढे अधिक गुरफटते. ते मासा नाही, त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. वर येता आले नाही की ते बुडून मरते. संध्याकाळी जाळे सोडून सकाळी ओढायला गेलेल्या माणसाला हे कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते, आणि त्यालाही त्याचे वाईट वाटते, हे शहरातल्या माणसांना सांगूनही पटत नाही.

दुसरी बाजूही लिहितो. गादा जाळ्यातले मासे ओढून खातो आणि जाळे फाडतो. एक फाटलेले जाळे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी, कधी त्याहून जास्त. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने केलेली योजना मला महत्त्वाची वाटते: जाळ्यात सापडलेले संरक्षित जनावर, मग ते कासव असो, बहिरी देवमासा (व्हेल शार्क) असो की डॉल्फिन, जाळे कापून जिवंत सोडले आणि त्याचे छायाचित्र किंवा चित्रीकरण दाखवले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खाते मिळून हे पाहतात. कागदपत्रांना वेळ लागतो अशी तक्रार मी गावात ऐकली आहे. तरी ज्याच्या हातात सुरी आहे त्याला जाळे कापायला कारण मिळाले, हे खरे.

---

पंचवटीतील वाचक

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. प्रत्येक वेळी शेवटी बोट मच्छीमाराकडेच जाते. नदीत सांडपाणी कोण सोडते, धरणे कोण बांधते, खाडीत भराव कोण घालते? मी रोज सकाळी रामकुंडाकडून चालत जातो आणि पाण्याची अवस्था पाहतो. बांगलादेशात डिसेंबर २०१४ मध्ये सुंदरबनातील शेला नदीत तेलवाहू जहाज बुडाले, आणि तो भाग तर या डॉल्फिनांसाठी राखलेला होता असे वाचल्याचे स्मरते. असे असताना दोन वेळच्या जेवणासाठी जाळे टाकणाऱ्या माणसाला मुख्य कारण ठरवणे हे सोयीचे असेल, न्याय्य नाही. प्राध्यापक महोदयांनी यावर लिहावे.

---

जुना प्राणिशास्त्रवाला

आपले स्मरण बरोबर आहे. सुंदरबनात २०१२ मध्ये डॉल्फिनांसाठी तीन छोटी अभयारण्ये जाहीर झाली होती आणि दोनच वर्षांनी शेला नदीत तेल सांडले. आक्षेपही रास्त आहे. तरीही माझे मत जाळ्याच्याच बाजूने आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर लिहितो. कारण येथे न्याय कोणाचा हा एक प्रश्न आहे आणि जनावर कशाने मरते हा दुसरा.

आधी या प्राण्याच्या वंशवाढीचा हिशेब पाहा. मादी सुमारे १४ महिने गाभण असते, एका वेळी एकच पिल्लू होते, ते सुमारे मीटरभर लांबीचे असते, आणि पुढचे पिल्लू साधारण दोन-तीन वर्षांनी. आयुष्य तीसेक वर्षांचे. अशा संथ वंशवाढीच्या प्राण्यात शंभरांची वस्ती असेल तर माणसामुळे वर्षाकाठी एक-दोन मृत्यूसुद्धा तिला झेपण्याच्या काठावरचे असतात. तीन-चार होऊ लागले की वस्ती उतरणीला लागते, मग पाणी स्फटिकासारखे का असेना. प्रदूषणाने पिल्ले अशक्त होत असतील, माद्या वांझ राहत असतील, हे सगळे शक्य आहे आणि गंभीरही आहे. पण त्याचा परिणाम दिसायला दशके लागतात. जाळ्याला एक रात्र पुरते.

मेकाँगचे उदाहरण घ्या. कंबोडियात क्राती शहरापासून लाओसच्या सीमेवरील खोन धबधब्यापर्यंत सुमारे १९० किलोमीटरचे पात्र आहे आणि तेथील डॉल्फिन उन्हाळ्यात नऊ-दहा खोल डोहांत गोळा होतात. १९९७ च्या गणनेत तेथे सुमारे २०० होते, २०२० मध्ये ८९ उरले. सीमेवरच्या डोहात लाओसच्या बाजूचा शेवटचा डॉल्फिन फेब्रुवारी २०२२ मध्ये मेला आणि त्या देशातून ही जात संपली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंबोडियाच्या हद्दीत दहा दिवसांच्या आत तीन धडधाकट प्रौढ डॉल्फिन जाळ्यांत व गळांत अडकून मेले. त्यानंतर सरकारने डोहांचे पट्टे राखून ठेवून तेथे गिलनेटवर बंदी आणली आणि गस्त वाढवली. २०२४ च्या गणनेत आकडा १०५ आला. एवढ्या एका गणनेवरून फार आनंद मानू नये, पण दोन दशकांत निम्म्याहून खाली आलेला आकडा वर गेला तो पाणी एकाएकी स्वच्छ झाले म्हणून नव्हे.

धरणांचे म्हणाल, तर तेथे आपण पूर्ण बरोबर आहात. खोन धबधब्याजवळच डोन साहोंगचे धरण झाले आहे, आणि आपल्याकडे फरक्का बंधाऱ्याने १९७५ पासून गंगेतल्या सूंसांचे दोन तुकडे केले आहेत. लहान तुकड्यात राहणारी वस्ती आपसांतच प्रजनन करत राहते आणि एखाद्या वाईट वर्षात संपून जाते. म्हणून नद्यांतल्या इरावदींच्या तीनही वस्त्या आणि सोंखला व मालम्पायाच्या वस्त्या, अशा पाचही धोक्यातील प्राण्यांच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत. संपूर्ण जात २०१७ पासून संकटग्रस्त या वर्गात आहे. सोंखला सरोवरात तर आता पंधरा-एक जनावरे उरली आहेत.

अधिवास सुधारल्याने काय होते, त्याचे चांगले उदाहरण बाईंनी स्वतः पाहिलेली चिलिकाच आहे. सरोवराचे समुद्राला मिळणारे तोंड गाळाने भरत व सरकत गेले होते, खारे पाणी आत येणे कमी झाले होते, तणे वाढली होती आणि मासळी घटली होती. १९९३ मध्ये चिलिकेचे नाव रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळ जागांच्या नोंदीत गेले. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपकुदा येथे वाळूचा पट्टा कापून नवे तोंड उघडण्यात आले. भरतीचे पाणी पुन्हा आत आले, मासळी काही पटींनी वाढली, आणि २००२ मध्ये चिलिका त्या नोंदीतून बाहेर पडली. आज तेथे डॉल्फिनांची संख्या दीडशे ते पावणेदोनशेच्या दरम्यान असते. सरोवराच्या एका वस्तीसाठी ही जगातल्या मोठ्या संख्यांपैकी आहे. तेव्हा पाणी महत्त्वाचे नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु चिलिकेतही मेलेल्या डॉल्फिनांच्या अंगावर जाळ्याचे वळ आणि नावेच्या पंख्याचे घाव सापडतात.

आणि मच्छीमाराला दोष देण्याबद्दल. इरावदी नदीत याच्या अगदी उलट चित्र आहे. मंडालेच्या उत्तरेला पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकणारे मच्छीमार लाकडी दांड्याने होडीच्या काठावर टकटक करून आणि घशातून एक विशिष्ट आवाज काढून डॉल्फिनांना बोलावतात. डॉल्फिन मासे हाकत होडीकडे आणतात आणि शेपटीच्या हालचालीने जणू जाळे फेकण्याची वेळ दाखवतात. पागेतून निसटणारे गोंधळलेले मासे त्यांच्या वाट्याला येतात. अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे, की तेथे प्रत्येक गाव आपला डॉल्फिन निराळा मानत असे, आणि आमच्या डॉल्फिनने हाकलेले मासे दुसऱ्या गावाच्या जाळ्यात गेले, त्यातला वाटा आम्हाला मिळावा, असे दावे तेथील न्यायपंचायतीत चालत. २००५ मध्ये या नदीचा ७४ किलोमीटरचा पट्टा संरक्षित झाला. त्या पागवाल्यांचे आजचे सर्वांत मोठे दुःख म्हणजे रात्री बॅटरीचा विजेचा झटका देऊन मासे मारणाऱ्या टोळ्या. त्यांच्यामुळे मासे जातात, डॉल्फिन मरतात, आणि उरलेले डॉल्फिन होडीच्या टकटकीवर विश्वास ठेवीनासे होतात. म्हणजे तेथे डॉल्फिनचा सर्वांत जवळचा माणूस मच्छीमारच आहे. माझा रोख मच्छीमारावर नाही, कोणते जाळे, कोठे आणि कोणत्या महिन्यात, यावर आहे. मोजके डोह ठरवून तेवढ्याच पट्ट्यात उभी जाळी थांबवायची, त्याची भरपाई द्यायची, बाकी पात्र मासेमारीला मोकळे ठेवायचे. साऱ्या नदीवर बंदी घालण्यापेक्षा हे साधणारे आहे.

---

देवबागकर, मुक्काम अंबड

सर, पागेचे लिहिलेत ते वाचून बरे वाटले. आमच्याकडेही खाडीत पाग मारतात. पागेत डॉल्फिन मेल्याचे मी कधी ऐकले नाही, कारण पाग माणसाच्या हातात असते आणि लगेच ओढली जाते. मरण येते ते सोडून दिलेल्या जाळ्यात. पंचवटीकर साहेबांना एवढेच म्हणतो, की बंदी आली तर ती मोठ्या यांत्रिक नौकांवरही तितकीच कडक असावी. नाहीतर लहान होडीवाला जाळे गुंडाळून बसतो आणि रात्री दुसरेच कोणी त्याच्यासमोर मासळी उचलून नेते.

---

पंचवटीतील वाचक

एवढे मान्य आहे. माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण त्याची जागा बदलतो.

---

गोदाकाठची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. मुलांना काय सांगायचे ते आता स्पष्ट झाले. जाळ्याचा भाग मी वर्गात एका जुन्या तंगुसाच्या तुकड्यावर दाखवणार आहे. नांदूरमधमेश्वरकडचा एक विद्यार्थी तो घरून आणतो म्हणाला आहे.

सरांनी नावेच्या पंख्याच्या घावांचा उल्लेख केला तेव्हापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्या दिवशी आमच्या नावेच्या आसपास आणखी सात-आठ नावा होत्या. डॉल्फिन एका बाजूला दिसला की सगळ्या नावा इंजिन वाढवून तिकडे धावत. तो बुडी मारून दुसरीकडे निघाला की पुन्हा तिकडे. आमच्यातली मंडळी नाववाल्याला "अजून जवळ, अजून जवळ" असे ओरडून सांगत होती आणि मी गप्प बसले होते. त्याने त्या जनावराला खरोखर किती त्रास होतो?

---

भुवनेश्वरहून परतलेला

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे भुवनेश्वरला होतो आणि सातपड्याला अनेकदा गेलो, म्हणून लिहितो. त्रास होतो, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून वेगळ्या कारणाने. या प्राण्याचे शिकार शोधणे, पिल्लाशी संपर्क ठेवणे, वाट काढणे हे सर्व आवाजावर चालते, आणि सातपड्याजवळची बाहेरची वाहिनी अरुंद व उथळ आहे. तेथे आठ इंजिने एकदम सुरू झाली की पाण्याखाली काहीच ऐकू येत नसावे. तो एक-दोन मिनिटांनी श्वासाला वर येणार हे नाववाल्याला माहीत असते, म्हणून नावा त्याच जागी वाट अडवून उभ्या राहतात. पिल्लू असलेली मादी फार वेळ बुडी मारू शकत नाही, त्यामुळे पंख्याचा घाव बहुधा तिला किंवा पिल्लालाच बसतो.

चांगले नाववालेही तेथे आहेत. मी एकासोबत नेहमी जात असे. तो वाहिनीच्या कडेला नाव आणून इंजिन बंद करी आणि बांबूने नाव धरून ठेवी. पहाटेच्या शांत पाण्यात पंधरा-वीस मिनिटांनी डॉल्फिन आपणहून जवळून जात आणि त्यांच्या श्वासाचा आवाज स्पष्ट ऐकू येई. दुपारी वारा सुटल्यावर लाटांमध्ये तो लहान पर सापडतच नाही, मग पाठलाग सुरू होतो.

---

गोदाकाठची शिक्षिका

आमच्या गल्लीतून यंदाही पुरीला गाडी निघणार आहे. मी हे शेवटचे उत्तर छापून यात्रेचे नियोजन करणाऱ्या काकांना दिले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि विचारले, "म्हणजे इंजिन बंद ठेवले तर डिझेल वाचेल ना? मग नाववाला पैसे कमी घेईल का?"

---

देवबागकर, मुक्काम अंबड

ताई, काकांना सांगा, पैसे तेवढेच द्यायचे, आणि निघण्याआधीच ठरवून द्यायचे: डॉल्फिन दिसो अथवा न दिसो. दिसल्यावर वर बक्षिसी द्यायची पद्धत असली की इंजिन कधीच बंद होत नाही. तारकर्लीला मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, आणि लहानपणी माझ्या मामाच्या होडीवर मीच ती बक्षिसी गोळा करत असे.